चार ओळींची शाळा : संगीतकारांनी क्वार्टेट कसे अभ्यासले

पाश्चात्त्य कलासंगीतात स्ट्रिंग क्वार्टेट या प्रकाराला जे स्थान आहे, त्याला समांतर असे काही आपल्या परंपरेत शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो अशी चारच वाद्ये. गायक नाही, तालवाद्य नाही, वाद्यवृंदाचा घोष नाही, हातवारे करून वादकांना चालवणारा संचालकही नाही. इतक्या तुटपुंज्या सामग्रीवर गेली सुमारे अडीचशे वर्षे युरोपातील संगीतकार आपले सर्वांत गंभीर चिंतन सोपवत आले आहेत. साहजिकच रचना करू पाहणाऱ्या प्रत्येक नव्या पिढीपुढे एक प्रश्न उभा राहत आला : अभ्यासासाठी कोणाचा क्वार्टेट समोर ठेवावा, आणि तो समोर ठेवून नेमके करावे तरी काय?

या प्रश्नाचा पूर्वार्ध आज फार चर्चिला जातो. अमुक संगीतकाराचे सहा, तमुकाचे पंधरा, अशा याद्या हव्या तितक्या मिळतात. आम्हाला मात्र उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा वाटतो. साहित्याचे अध्यापन करणाऱ्यांना 'प्रभाव' हा शब्द रोज वापरावा लागतो, आणि तो वापरताना प्रभाव म्हणजे प्रत्यक्षात कोणती क्रिया, हे आपण बहुधा धूसरच ठेवतो. क्वार्टेटच्या इतिहासात ही क्रिया कागदावर दिसते. कोणी, कोणत्या वर्षी, कोणाची रचना, कोणत्या कामासाठी उतरवून घेतली, याचे पुरावे तेथे शिल्लक आहेत.

त्यासाठी आधी एक व्यावहारिक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. अठराव्या शतकात क्वार्टेट छापला जाई तो चार सुट्या वह्यांच्या रूपात. पहिल्या व्हायोलिनची वही वेगळी, दुसऱ्याची वेगळी, व्हिओलाची आणि चेलोची वेगळी. गिऱ्हाईक होते ते घरी जमून वाजवणारे हौशी लोक. त्यांना आपापल्या वाद्याच्या ओळीपलीकडे काही नको होते. चारही ओळी एकाखाली एक मांडलेला, म्हणजे कोणत्या क्षणी कोण काय करतो हे एका दृष्टिक्षेपात दाखवणारा स्कोअर, बाजारात सहसा नसे. हायडनचाच शिष्य असलेल्या प्लेयेलने पॅरिसमध्ये १८०२ पासून छोट्या आकाराचे स्कोअर काढायला आरंभ केला, तोवर मोठमोठ्या रचना बहुतेकांनी एकसंध अशा पाहिलेल्याच नव्हत्या.

याचा अर्थ असा की ज्याला एखादा क्वार्टेट अभ्यासायचा असे, त्याला तो आधी स्वतःच्या हाताने जुळवावा लागे. चार वह्या पुढ्यात पसरायच्या, कोऱ्या कागदावर रेघा आखायच्या, आणि एकेक मात्रा जुळवत चारही आवाज एकत्र आणायचे. या कामाला मराठीत 'नक्कल' म्हणावे तर त्या शब्दाला थट्टेचा वास येतो. 'उतरवून घेणे' हा आपला जुना शब्द अधिक योग्य आहे. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या उपलब्ध प्रती ताडून पाठ शुद्ध केला, तेव्हा ते केवळ लेखनिकाचे काम नव्हते. ज्याला स्वतःला ओवी रचता येते अशाने केलेले ते वाचन होते. रचनाकाराच्या हातून होणाऱ्या प्रतीची जात ही अशी असते.

आता मोझार्टकडे येऊ. १७७३ च्या उन्हाळ्यात, सतरा वर्षांचा असताना, वडिलांबरोबर तो व्हिएन्नात होता आणि तेथे त्याने सहा क्वार्टेट लिहिले. हायडनचे ओपस २० म्हणून ओळखले जाणारे सहा क्वार्टेट १७७२ चे. त्यांपैकी तिघांचा शेवट फ्यूगने होतो, म्हणजे एकच कल्पना एकामागून एक आवाज उचलतात आणि ती एकमेकांवर रचत नेतात अशा बांधणीने. मोझार्टच्या त्या सहांपैकी दोघांचा शेवटही फ्यूगनेच होतो. अभ्यासक येथे हायडनची छाया पाहतात, आणि ती मानायला आमची हरकत नाही. पण हे फ्यूग ऐकताना गृहपाठ ऐकल्यासारखे वाटते, हेही नमूद केले पाहिजे. मुलाने पाहिले काय, तर शेवटी फ्यूग असतो. म्हणून त्यानेही शेवटी फ्यूग घातला. बाह्य लक्षण उचलले गेले, कारण मात्र हाती आले नाही.

त्यानंतर सुमारे नऊ वर्षे त्याने व्हायोलिन-व्हिओला-चेलोचा क्वार्टेट लिहिला नाही. १७८१ मध्ये तो व्हिएन्नात स्थायिक झाला. त्याच वर्षी हायडनने ओपस ३३ चे सहा क्वार्टेट पुरे केले आणि संभाव्य आश्रयदात्यांना पत्रे धाडून, ही रचना अगदी नव्या आणि खास पद्धतीची असल्याचे कळवले. यात विक्रेत्याची अतिशयोक्ती किती आणि खरेपणा किती, यावर विद्वानांनी भरपूर शाई खर्च केली आहे. आमच्यापुरते एवढे पुरे की मोझार्टने तो दावा गंभीरपणे घेतला. ३१ डिसेंबर १७८२ ही तारीख त्याच्या नव्या मालिकेतील पहिल्या क्वार्टेटवर आहे, आणि शेवटच्यावर १४ जानेवारी १७८५. सहा रचनांना दोन वर्षांहून अधिक काळ. मोझार्टच्या बाबतीत हा वेग विलक्षण मंद म्हटला पाहिजे.

मोझार्टला सारे संगीत आयतेच सुचत असे आणि तो ते फक्त कागदावर उतरवत असे, ही समजूत आपल्याकडेही पुष्कळ पसरली आहे. या सहा क्वार्टेटांची हस्तलिखिते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि ती या समजुतीला मुळीच दुजोरा देत नाहीत. खोडाखोड आहे, बदललेले क्रम आहेत, सुरू करून सोडून दिलेले प्रयत्न आहेत. १७८५ मध्ये आर्तारिया या व्हिएन्नातील प्रकाशकाने ते छापले तेव्हा मोझार्टने अर्पणपत्रिका इटालियनमध्ये लिहिली, आणि हे दीर्घ व कष्टप्रद परिश्रमाचे फळ असल्याचे तीत स्वतःच सांगितले. अर्पण कोणा सरदाराला नव्हते, हायडनला होते. तेव्हाच्या रिवाजात अशी पत्रिका धनिकाला लिहायची असते, म्हणजे बिदागीची आशा तरी राहते. समव्यावसायिकाला अर्पण करण्यात पैसा नव्हता. स्वतःच्या मुलांना घराबाहेर पाठवणारा बाप ती एका थोर मित्राच्या हवाली करतो, असे रूपक मोझार्टने तेथे योजले आहे.

दरम्यान आणखी एक गोष्ट घडली होती, आणि तिचा उलगडा झाल्याखेरीज या क्वार्टेटांतील झेप समजत नाही. १७८२ च्या एप्रिलमध्ये त्याने वडिलांना कळवले की दर रविवारी दुपारी बारा वाजता आपण बॅरन फान स्वीटन यांच्याकडे जातो, आणि तेथे हेंडेल व बाख यांच्याखेरीज काही वाजत नाही. बाख तेव्हा मरून बत्तीस वर्षे झाली होती, आणि त्याचे संगीत विद्वानांच्या कपाटात पडले होते. मोझार्टने बाखचे पाच फ्यूग चार तंतुवाद्यांसाठी मांडून घेतले. कळफलकाच्या वाद्यावर दोन हातांत गुंफलेले आवाज सोडवून त्याने चार माणसांच्या हाती दिले. हे पाच फ्यूग कोणाच्या तरी फर्माईशीवरून झाले असतीलही, परंतु १७७३ मधल्या मुलाला जे उमगले नव्हते ते या सोडवणुकीत उमगले असावे, असे आमचे अनुमान आहे. त्याच वर्षअखेरीस पुरा झालेल्या जी मेजर क्वार्टेटचा (के. ३८७) अंतिम भाग चार लांब स्वरांच्या फ्यूगने उघडतो, आणि पाहता पाहता त्याचे रूपांतर हलक्याफुलक्या नाचात होते, मग फ्यूग, मग पुन्हा नाच. गंभीर आणि खेळकर यांचा हा पाठशिवणीचा खेळ हायडनमध्ये नव्हता आणि बाखमध्येही नव्हता. दोघांना एकाच हाताने उतरवून घेतल्यावर तो निर्माण झाला.

१५ जानेवारी १७८५ रोजी, शेवटचा क्वार्टेट पुरा होऊन एकच दिवस झाला होता, तेव्हा मोझार्टने हे क्वार्टेट हायडनला वाजवून दाखवले. १२ फेब्रुवारीला दुसरी बैठक झाली. तिला वडील लिओपोल्ड हजर होते. हायडनने त्यांना शपथेवर सांगितले की आपल्याला प्रत्यक्ष वा नावाने माहीत असलेल्या संगीतकारांत तुमचा मुलगा सर्वश्रेष्ठ आहे, त्याला अभिरुची आहे आणि वर रचनेचे सर्वांत सखोल ज्ञान आहे. हा प्रसंग सगळ्याच चरित्रांत येतो. आम्हाला त्यात महत्त्वाचे वाटते ते 'ज्ञान' या शब्दाचे स्थान. एरवी प्रतिभेचा गौरव करून लोक थांबतात. हायडनला त्यामागचा अभ्यास दिसला, कारण तो कोणाचा अभ्यास होता हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते.

सगळ्यांना हे संगीत भावले असे मात्र नाही. सी मेजर क्वार्टेटची (के. ४६५) संथ सुरुवात इतक्या विसंवादी स्वरांची आहे की त्या रचनेला 'डिसोनन्स' हेच नाव चिकटले. छपाईच्या चुका समजून काही ठिकाणांहून वह्या परत आल्या, अशी आख्यायिका आहे; पुढे फेतीससारख्या विद्वानाने तर तो उतारा 'दुरुस्त' करूनही दाखवला. आख्यायिका खरी असो वा नसो, सुट्या वह्यांच्या जगात ती संभवनीय होती. एकाच वाद्याची ओळ हाती असलेल्या वादकाला आपल्या कानावर आदळणारा विसंवाद हेतुपूर्वक आहे की जुळाऱ्याचा प्रमाद आहे, हे ठरवायला साधनच नव्हते. स्कोअर जुळवणाऱ्यालाच ते कळू शकत होते.

असा जुळवणारा थोड्याच काळात व्हिएन्नात आला. बीथोवन १७९२ च्या नोव्हेंबरात बॉनहून तेथे पोहोचला तो हायडनकडे शिकण्यासाठी. ही शिकवणी फारशी सुखाची झाली नाही, हे सर्वश्रुत आहे. हायडन व्यग्र होता, शिष्य उतावळा होता, आणि स्वरसंगतीच्या वहीत गुरूच्या नजरेतून चुका निसटत होत्या. पण याच काळाच्या आसपास बीथोवनने हायडनच्या ओपस २० मधला पहिला, ई फ्लॅट मेजरमधला क्वार्टेट स्वहस्ते उतरवून घेतला. शिकवणीत जे मिळाले नाही ते त्याने त्याच माणसाच्या वीस वर्षांपूर्वीच्या कागदातून मिळवले. गुरू समोर बसलेला असताना शिष्याने त्याच्या जुन्या रचनेकडे जावे, यातला विनोद दोघांच्याही ध्यानी आला नसावा.

निवडीकडे नीट पाहावे. ओपस २० मध्ये लक्षवेधक रचना पुष्कळ आहेत : एफ मायनरमधली शोकगंभीर, जी मायनरमधली आडवळणी, आणि चार विषयांच्या फ्यूगने संपणारी सी मेजरमधली. बीथोवनने घेतली ती यांच्यापैकी नव्हे. सर्वांत शांत, पुढे पुढे न करणारी घेतली. तिचा मंद भाग असा आहे की चारही वाद्ये जवळजवळ सतत, एकाच दाट वस्त्रासारखी, हळूहळू सरकत राहतात. त्यातून चाल उचलून गुणगुणावी म्हटले तर हाती काही येत नाही. संगीत चौघांच्या मधोमध कुठेतरी असते. हाच भाग मोझार्टच्याही मनात घर करून होता, असे त्याच्या ई फ्लॅट मेजर क्वार्टेटच्या (के. ४२८) मंद भागावरून दिसते, स्वरस्थान तेच, सरकण्याची रीतही तीच. दोन असामान्य विद्यार्थ्यांची नजर एकाच निरलंकृत पानावर खिळली. तुम्हाला क्वार्टेटचे मर्म एका ठिकाणी पाहायचे असेल, तर आमच्या मते सुरुवात या पानापासून करावी.

पुढे १७९८ ते १८०० या काळात राजपुत्र लोबकोविट्झच्या मागणीवरून बीथोवनने स्वतःचे पहिले सहा क्वार्टेट लिहिले; तेच ओपस १८. मौज अशी की त्याच सुमारास लोबकोविट्झने हायडनकडेही क्वार्टेट मागितले होते, आणि थकलेल्या हायडनच्या हातून दोनच पुरे झाले. या काळात बीथोवन मोझार्टकडे वळला. के. ३८७ आणि के. ४६४ यांतील संगीत त्याने उतरवून घेतलेले उपलब्ध आहे. के. ३८७ चा मिन्युएट हा नाच तीन मात्रांचा आहे, पण मोझार्टने तेथे एकेका स्वराखाली आळीपाळीने 'हळू' आणि 'जोरात' अशा खुणा घातल्या आहेत. त्यामुळे तीनच्या चालीवर दोनची चाल आडवी येते आणि नाचणाऱ्याचा पाय अडखळतो. ऐकताना हे क्षणात निघून जाते. लिहिताना मात्र प्रत्येक स्वराखाली ती खूण हाताने काढावी लागते, आणि दहाव्या-बाराव्या खुणेपाशी हा खोडसाळपणा किती मोजून-मापून केला आहे हे हाताला कळते. अनपेक्षित जागी दिलेला जोर हे पुढे बीथोवनचे व्यवच्छेदक लक्षण ठरले. त्याचे सारे श्रेय एका मिन्युएटला देणे भाबडेपणाचे होईल. तरी ही शाळा त्याने पाहिली होती, इतके म्हणता येते.

के. ४६४ ची कथा याहून सरस आहे. ए मेजरमधला हा क्वार्टेट मालिकेतला सर्वांत कमी लोकप्रिय, बुद्धिप्रधान, काहीसा अबोल. बीथोवनचा शिष्य चेर्नी याने सांगितलेली आठवण अशी की त्याच्या घरी मोझार्टच्या त्या सहा क्वार्टेटांचा स्कोअर बीथोवनने पाहिला, पाचवा उघडला, आणि उद्गार काढला : ही खरी कृती, तुमची वेळ आली असती तर मी तुमच्यासाठी काय करू शकलो असतो, हे मोझार्टने येथे जगाला सांगितले आहे. आता ओपस १८ मधला पाचवा क्वार्टेट समोर घ्यावा. तोही ए मेजरमध्ये. दोन्हींत मिन्युएट दुसऱ्या क्रमांकावर, दोन्हींत तिसरा भाग डी मेजरमधला आणि एकाच कल्पनेचे निरनिराळे अवतार दाखवणारा. दोन्ही रचना शेवटी टाळीची वाट न पाहता हळुवारपणे विरून जातात. मोझार्टच्या तिसऱ्या भागात अखेरीअखेरीस चेलो ढोलासारखा ठेका धरतो. बीथोवनच्या तिसऱ्या भागात तशाच जागी एकदम रस्त्यावरून वाजंत्री निघाल्यासारखा गलबला होतो.

याला चौर्य म्हणावे काय? काही टीकाकारांना हा क्वार्टेट ओपस १८ मध्ये सर्वांत परावलंबी वाटतो. आमचे मत निराळे आहे. बीथोवनने चौकट घेतली ती तीत स्वतःला बसवून पाहण्यासाठी; आणि वाजंत्रीच्या त्या गलबल्यात आपण तिथे मावत नाही, हे त्याला आढळले. चौकट मोझार्टची नसती तर कोठे मावत नाही तेही कळले नसते. आपल्याकडे समस्यापूर्ती करणाऱ्या कवींना हा अनुभव नवा वाटणार नाही. चौथा चरण दिलेला असतो. त्याच्याशी झगडतानाच आपले वळण कोणते ते समजते.

तरीही हा सारा अभ्यास त्याला पुरला नव्हता. १७९९ च्या जूनमध्ये त्याने आपला मित्र कार्ल आमेंडा याला ओपस १८ मधील पहिल्या क्वार्टेटची प्रत भेट दिली. आमेंडा बाल्टिक किनाऱ्याकडील आपल्या गावी निघून गेला. १ जुलै १८०१ च्या पत्रात बीथोवनने त्याला विनवले की तो क्वार्टेट कोणाला देऊ नकोस, मी त्यात पुष्कळ फेरफार केले आहेत, क्वार्टेट कसे लिहावेत हे मला आता कुठे नीट समजले आहे. (आपली श्रवणशक्ती खालावत असल्याची कबुलीही याच पत्रात आहे.) आमेंडाकडची प्रत सुदैवाने टिकली, त्यामुळे दोन्ही पाठ शेजारी ठेवता येतात. आरंभीची छोटीशी गिरकी पहिल्या पाठात जिथे तिथे येते, दुसऱ्यात तिच्यावर लगाम आहे. मोठ्या आवाजाच्या खुणा विरळ झाल्या आहेत, आतल्या आवाजांना श्वास मिळाला आहे. रचना शिकू पाहणाऱ्याने थोरांच्या सिद्ध कृती अवश्य पाहाव्यात, पण असे दोन पाठ शेजारी मिळाले तर ते आधी पाहावेत, असे आम्ही म्हणू. त्यात सुताराचा भुसा दिसतो.

एकोणिसाव्या शतकात या शाळेचे स्वरूप पालटले. शुबर्टचे घर म्हणजेच एक क्वार्टेट होता : वडील चेलोवर, दोघे भाऊ व्हायोलिनवर, आणि हा मुलगा व्हिओलावर. मध्यल्या आवाजात बसून शिकलेल्या या मुलाला आतली वीण उपजत अवगत होती. शूमानचे याच्या अगदी उलट. तो पियानोवरचा माणूस. १८४२ च्या वसंतात त्याने मोझार्ट, बीथोवन, हायडन यांचे क्वार्टेट घेऊन पद्धतशीर बैठक मारली. क्लारा दौऱ्यावरून परतल्यावर दोघांनी मिळून ते पाहिले, आणि जून-जुलैत त्याचे तिन्ही क्वार्टेट लिहून झाले. पुन्हा त्याने त्या प्रकाराला हात लावला नाही.

ब्राम्सला मात्र अभ्यास पेलवला की बाधला, असा प्रश्न पडतो. ओपस ५१ चे दोन क्वार्टेट त्याने १८७३ मध्ये प्रसिद्ध केले तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता. त्याआधी आपण सुमारे वीस क्वार्टेट लिहून नष्ट केल्याचे त्याने मित्राला सांगितले होते. वीस हा आकडा अक्षरशः घ्यावा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. १८५३ मध्ये शूमानने या तरुणाची जगाला ओळख करून देताना त्याच्या क्वार्टेटांचा उल्लेख केला आहे आणि ते आज नाहीत, हे तर निश्चित. हे दोन्ही क्वार्टेट त्याने अर्पण केले ते बिलरोथ या नामांकित शल्यविशारदाला, ही निवडही अर्थपूर्णच म्हणायची. ब्राम्सकडे एक वही होती. थोर संगीतकारांच्या रचनांत जेथे जेथे समांतर पंचम आणि अष्टक सापडत, म्हणजे पाठ्यपुस्तकाने निषिद्ध मानलेली स्वरांची चाल दिसे, ते ते उतारे तो तीत टिपून ठेवी. नियम कोणी मोडला आणि का मोडावा लागला, याचा तो संग्रह होता. आणि ज्याच्या प्रतीवर बीथोवनने हात बसवला, त्या हायडनच्या ओपस २० चे मूळ हस्तलिखित पुढे ब्राम्सच्याच मालकीचे झाले. ते आता व्हिएन्नातील संगीतमित्र मंडळाच्या संग्रहात आहे.

विसाव्या शतकात बार्तोकने सहा क्वार्टेट लिहिले, पहिला १९०९ मध्ये पुरा झाला आणि सहावा १९३९ मध्ये. पहिल्याची संथ, आवाजामागून आवाज गुंफत जाणारी सुरुवात बीथोवनच्या सी शार्प मायनर क्वार्टेटची (ओपस १३१) आठवण करून देते, हे कोणीही सांगेल. पण बार्तोकची उतरवून घेण्याची मुख्य शाळा दुसरीकडे होती. फोनोग्राफ घेऊन तो खेड्यापाड्यांत हिंडला, मेणाच्या नळकांड्यांवर शेतकऱ्यांची गाणी मुद्रित केली, आणि मग ती पुन्हा पुन्हा लावून प्रत्येक हेलकावा, प्रत्येक घसरता स्वर कागदावर आणला. पाश्चात्त्य स्वरलिपीत जे बसत नाही ते बसवण्याची ही मेहनत होती. त्याच्या तिसऱ्या-चौथ्या क्वार्टेटांत तारा घासतात, घसरतात, बोटाने ओढून पटलावर आपटतात. या आवाजांना वळण मिळाले ते अशा कानामुळे. क्वार्टेट लिहिण्यासाठी केवळ क्वार्टेटच अभ्यासावेत असा नियम नाही, याचे एवढे उदाहरण पुरे.

आज सुट्या वह्या जुळवण्याची गरज उरलेली नाही. १८८६ मध्ये लाइपझिगला पेनने छोट्या स्कोअरची माला काढली, ती पुढे ऑयलेनबुर्गकडे गेली, आणि विद्यार्थ्याच्या खिशात बीथोवन आला. २००६ मध्ये आयएमएसएलपी हे संकेतस्थळ सुरू झाले. प्रकाशकाच्या नोटिशीमुळे ते ऑक्टोबर २००७ मध्ये बंद पडले, २००८ च्या मध्यास पुन्हा उघडले, आणि तेव्हापासून वर उल्लेखिलेल्या बहुतेक रचना कोणालाही घरबसल्या पाहता येतात. पुण्यातल्या किंवा पणजीतल्या मुलाला आज जे फुकट मिळते ते मोझार्टला मिळत नव्हते. पण या सोयीबरोबर हाताचे काम गेले, आणि ज्या वेगाने हात चालतो त्या वेगाने पाहण्याची सक्तीही गेली. बीथोवनची निवड इतकी थोडी का होती, याचे एक कारण उघड आहे : एक क्वार्टेट उतरवायला दिवस लागत.

आतापर्यंतच्या विवेचनावरून असे वाटण्याचा संभव आहे की योग्य कृती निवडावी, निष्ठेने उतरवून घ्यावी, आणि फळ ठेवलेलेच आहे. एक उदाहरण या समजुतीत बसत नाही. त्यासाठी शतकभर मागे, बर्लिनला जावे लागेल.

१८२७ च्या मार्चमध्ये बीथोवन वारला. त्याचे अखेरचे क्वार्टेट तेव्हा बहुतेकांना दुर्बोध, किंबहुना विक्षिप्त वाटत होते. मेंडेलसोनच्या घरातही वडिलांना ते रुचत नव्हते. अठरा वर्षांच्या फेलिक्सने मात्र त्याच वर्षी ए मायनरमध्ये क्वार्टेट लिहिला (ओपस १३), आणि त्यात बीथोवनच्या ए मायनर क्वार्टेटशी (ओपस १३२) असलेले नाते त्याने झाकण्याचा प्रयत्नही केला नाही. त्या नात्याबद्दल आजवर त्याचे कौतुकच होत आले आहे, आणि ते योग्यही आहे.

थोरली बहीण फानी याच घरात, याच शिक्षकांकडे, याच संगीतावर वाढली होती. १८३४ मध्ये तिने ई फ्लॅट मेजरमध्ये क्वार्टेट लिहिला. पहिला भाग नेहमीसारखा वेगवान आणि ठाशीव नाही. तो संथ आहे, आणि आपण कोणत्या स्वरगृहात आहोत हे सांगायला तो बराच वेळ घेतो. ज्याने बीथोवनचे अखेरचे क्वार्टेट नीट ऐकले आहेत त्याला हे धाडस कुठून आले ते कळेल. ३० जानेवारी १८३५ रोजी फेलिक्सने डुसेलडॉर्फहून तिला पत्र लिहिले. काही भागांची त्याने स्तुती केली, पण स्वरगृह निश्चित नसणे आणि बांधणी सैल असणे यांवर स्पष्ट आक्षेप घेतला. १७ फेब्रुवारीच्या उत्तरात फानीने दोष मान्य केला. ऐन तारुण्यात आपल्याला बीथोवनची अखेरची वर्षे लाभली, त्याची रीत आपल्या अंगात भिनली. तू लिहीत लिहीत तिच्यातून पार झालास, मी मात्र तीत अडकून पडले, अशा आशयाचे तिचे निदान आहे.

हे निदान आम्हाला पटत नाही. 'लिहीत लिहीत पार होणे' यासाठी एकामागून एक लिहावे लागते, आणि ते वाजवून घ्यावे लागते. मोझार्टपाशी दोन वर्षे होती आणि अखेरीस खोलीत हायडन बसला होता. बीथोवनला पहिला पाठ मागे घेऊन दुसरा देता आला. शूमानच्या शेजारी क्लारा होती. फेलिक्सचे क्वार्टेट छापले जात आणि ठिकठिकाणी वाजत. फानीच्या वाट्याला बर्लिनच्या राहत्या घरातल्या रविवारच्या मैफली आल्या, आणि भावाचे एक पत्र. ज्या गोष्टीला भावाच्या कृतीत आत्मसात केलेली विद्या म्हटले गेले, तिला बहिणीच्या कृतीत शिस्तीचा अभाव ठरवण्यात आले. फेलिक्सच्या हेतूविषयी आम्हाला शंका नाही. त्याने जे लिहिले ते त्याला प्रामाणिकपणे तसेच वाटत असणार, आणि म्हणूनच ते अधिक परिणामकारक ठरले.

तिने दुसरा क्वार्टेट लिहिला नाही. १८४७ च्या मे महिन्यात ती अकस्मात वारली. त्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये फेलिक्सने एफ मायनरमध्ये क्वार्टेट लिहिला (ओपस ८०), तो तिच्या मृत्यूच्या शोकातला मानला जातो. सफाईदार, नेटका मेंडेलसोन त्यात शोधून सापडत नाही. नोव्हेंबरमध्ये तोही गेला. फानीचा क्वार्टेट हस्तलिखितातच राहिला, आणि १९८८ मध्ये प्रथम छापला गेला.